पेनाने लिहिलेला प्रश्न

“माइक मात्र त्या मेश्रामबाईच्या हाती जाऊ देऊ नका, एवढं ध्यानात ठेवजा,” हटवार काकू म्हणाल्या, आणि मी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या पडद्याआड तशीच उभी राहिले. पलीकडे बाहेरच्या खोलीत हटवार काका-काकू आमच्या सोफ्यावर बसले होते, आई-बाबा समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. माझ्यामागे ताई पुडाच्या वड्या तळत होती. तिनंही ते ऐकलं, कारण झारा कढईत बुडवून ती थांबली होती. हटवारांचं त्या दिवशीचं येणं दोन कामांचं होतं. एक म्हणजे त्यांच्या प्रकाशचं आणि आमच्या ताईचं साक्षगंध, आणि दुसरं मंडळाचा कार्यक्रम, कारण काका मराठी मंडळाचे अध्यक्ष होते. बाबांनी घसा खाकरून साक्षगंधाच्या तारखेचं विचारलं, तेव्हा काका हसून म्हणाले, “काढू ना भाऊ. आधी हा कार्यक्रम नीट पार पडू द्या. लेखक पुण्यावरून येऊन राहिला, मजाक आहे का? तुमच्या गुड्डीनं आभार चांगले मानले म्हणजे झालं.” गुड्डी म्हणजे मी. मी ट्रेसकट एक पाऊल मागं सरकले. “जा ना,” ताई कानाशी पुटपुटली, “चाय ठंडी हो रही है.”

मला माणसांची भीती वाटायची. आता या वयात सांगताना हसू येतं, पण तेव्हा ती खरीच होती. दाराची बेल वाजली की मी आतल्या खोलीत जाऊन कूलरच्या मागे उभी राहत असे. शाळेत इंग्रजी बोलायचं, रस्त्यावर हिंदी, आणि मराठी फक्त स्टील प्लांटनं दिलेल्या आमच्या सेक्टर टेनच्या क्वार्टरच्या चार भिंतींत. ती मराठीही आईबाबांनी तुमसरकडून आणलेली, ‘मले’ आणि ‘तुले’ची. पाहुण्यांसमोर ती बोलली की ते हसतील, आणि पुस्तकातली बोलायला गेले तर घरचे हसतील, असं मला वाटायचं. म्हणून मी तिन्ही भाषांत गप्प असे. आईला याची काळजी होती. बाबा सेकंड शिफ्टला गेले, भोंगा वाजला, की ती भांडी आवरून मला समोर बसवायची आणि मंडळाच्या लायब्ररीतलं पुस्तक हातात द्यायची. “वाच मोठ्यानं. तोंड तरी उघडन तुहं.” हळूहळू शेजारच्या बायका यायला लागल्या. कोणी तांदूळ निवडायला घेऊन यायची, कोणी स्वेटर. मान खाली घालून वाचायचं असल्यामुळे मला ते जमायचं. शब्द दुसऱ्याचे, आवाज तेवढा माझा.

‘शिवनाथपार’ ही कादंबरी अशाच एका दुपारी आमच्या घरी आली. तिचा लेखक त्या काळात फार लोकप्रिय होता. त्याची पुस्तकं लग्नात आहेर म्हणून द्यायचे लोक. पण या कादंबरीचं अप्रूप वेगळंच होतं. आमची नदी तिच्यात होती. दुर्गच्या पुलावरून जाताना जिला आई नेमानं हात जोडायची ती शिवनाथ, एका मोठ्या मराठी लेखकानं पुस्तकाच्या नावातच घातली होती. गोष्ट नागपूरकर भोसल्यांच्या काळातली. स्वारीवर आलेला एक तरुण शिलेदार आणि नदीपलीकडच्या गढीवाल्याची मुलगी कुमुदिनी. दोघांच्या घरांचं वैर. शेवटी पुराच्या रात्री तो घोड्यावरून नदी ओलांडून तिला आणायला जातो. वाट दाखवायला घोड्यापुढे एक मशालवाला पाण्यात उतरतो, उतार शोधत शोधत पुढे जातो, शिलेदार पार होतो आणि मशालवाला वाहून जातो. मशाल सगळ्यात शेवटी बुडते. ते पान मी वाचलं तेव्हा तांदळातले खडे निवडणारे हात थांबले होते. आईनं पदरानं नाक पुसलं. मला तर त्या शिलेदाराचं इतकं वेड लागलं होतं की कॉलेजच्या बसमध्ये खिडकीपाशी बसून मी त्याच्या घोड्याच्या टापा ऐकायची. घोड्याचं नाव चांद्या होतं.

लायब्ररीत प्रत एकच, आणि वाचणारे सगळे. महिन्याभरात त्या पुस्तकाच्या समासात भांडणं सुरू झाली. बाजारात भेटले की ‘काय म्हणता’ करणारे लोक पुस्तकात एकमेकांना पेन्सिलीनं डाफरत होते. ‘वा! डोळे पाणावले.’ त्याखाली दुसऱ्या अक्षरात, ‘इतकं पाणी नदीला पण नसेल.’ कुमुदिनीच्या चांदण्यातल्या भेटीपाशी, ‘हे मुलींच्या हाती देऊ नये,’ आणि त्याला बाण काढून, ‘तुम्ही कशाला वाचली मग?’ कोणी लिहिलं होतं की भोसल्यांची माणसं इतकी सोज्वळ असती तर इकडच्या गावांनी त्यांना शिव्या का घातल्या असत्या. त्यावर कोणीतरी इतक्या जोरात रेघोट्या मारल्या होत्या की कागद फाटला होता. नाव कोणीच लिहीत नव्हतं. बाबा कादंबऱ्या वाचत नसत, पण जेवताना आम्ही बोलायचो ते ऐकून एकदा म्हणाले, “घोडा पुरात पोहून राहिला म्हनता, मंग त्याच्या मालकानं भाकर कुठं बांधली होती? भिजली असन ना.” आईला राग आला. दोन दिवस तिनं त्यांच्याशी या विषयावर बोलणं टाकलं.

मेश्राम काकू तेवढ्या पेनानं लिहायच्या आणि खाली सही करायच्या. त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या, त्यांचे मिस्टर प्लांटच्या रेल्वेत होते. सबंध ब्लॉकमध्ये सर्वांत जास्त वाचणारी बाई. त्यांच्या बाहेरच्या खोलीत बुद्धाची पांढरी मूर्ती होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना पुस्तकांच्या इतक्या चळती, की मूर्ती पुस्तकांच्या गल्लीत बसल्यासारखी दिसायची. दुपारच्या वाचनाला त्या भाजलेले शेंगदाणे घेऊन येत, आणि प्रेमाच्या जागा आल्या की म्हणत, “थांब वो गुड्डी, परत वाच थे. एवढ्या जल्दी काय संपवतेस?” बायका खुसखुसत. मशालीचं पान झालं त्या दिवशी त्या शेंगदाणे सोलत राहिल्या. मग सगळ्यांचं नाक पुसून झाल्यावर म्हणाल्या, “घोड्याले नाव आहे. घोड्याच्या आईले पण नाव आहे, मागं एका ठिकानी आलं. कुमुदिनीच्या पोपटाले नाव आहे. ह्या मानसाले कावून नाही?”

“अवो, तो मशालवालाच तं होता,” कोणी तरी म्हणालं.

“हो ना. लेखकानं त्याची जात सांगतली बरोबर. ईमान सांगतलं. बुडतानाचं हसू पण सांगतलं. नाव तेवढं राहून गेलं.” त्यांनी शेंगदाण्याची सालं फुंकून उडवली. “माह्या घरचाच असन कोनीतरी, आज्याचा आजा. असाच पळत असन कोनाच्या घोड्यापुढं. पन मरताना हसत असन असं मले वाटत नाही बापा.”

हटवार काकू त्या दिवशी होत्या. त्या मोठ्यानं म्हणाल्या, “झालं. कादंबरीत पण जात आनली.”

“मी नाही आनली ताई. पान पाहा, छापलेली आहे,” मेश्राम काकू म्हणाल्या, आणि हसल्या. बाकी कोणी हसलं नाही. माझ्या मांडीवर पुस्तक उघडं होतं आणि मला त्या दोघींमध्ये बसून पान उलटायची भीती वाटत होती. खरं सांगायचं तर मला मेश्राम काकूंचा रागही आला होता. कारण त्यानंतर खिडकीपाशी बसल्यावर घोड्याच्या टापा ऐकूच येईनात. घोड्यापुढचं अंधारातलं पाणी दिसायचं, आणि छातीपर्यंत बुडालेला एक माणूस, ज्याला हाक मारायची तर काय म्हणून मारायची तेच मला माहीत नव्हतं. पुढं पुस्तक पुन्हा लायब्ररीत गेलं आणि त्या पानाच्या समासात निळ्या शाईनं एक ओळ आली: ‘ह्याचं नाव काय?’ खाली सही, वि. मेश्राम.

लेखक येणार हे ठरलं तेव्हा हटवार काकांना ती प्रत आठवली. लेखक लायब्ररी पाहील, स्वतःचं पुस्तक उघडेल, आणि मग काय? ते प्रत घेऊन आमच्याकडे आले आणि एक नवं खोडरबर माझ्या हातात ठेवून म्हणाले, “गुड्डी, तुझा हात हलका आहे. साफ करून टाक.” दोन दुपारी मी आमच्या शेजाऱ्यांची मतं खोडत बसले होते. ‘वा’ खोडला, ‘खोटं’ खोडलं, बाण, रेघोट्या, सगळं. एका पानावर ‘माझ्या माहेरची नदी अशीच आहे’ असं बारीक अक्षर होतं. ते आईचं होतं. तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. रबराचा काळा चुरा ओढणीवर साचत होता आणि पुस्तक पुन्हा कोरं, मुकं होत होतं. मग निळी शाई आली. तिच्यावर रबर चालेना. संध्याकाळी काकांनी पांढऱ्या शाईची बाटली पाठवली, चुकलेल्या टाइपवर लावतात ती. मी झाकण उघडलं. तो वास अजून नाकात आहे. ब्रशवर थेंब जमून पानावर पडायच्या बेतात होता. बाबा नाइट शिफ्टला निघाले होते, बुटाची नाडी बांधता बांधता ते बघत असावेत. उठून आले, माझ्या हातातून ब्रश घेऊन बाटलीत घातला, झाकण घट्ट फिरवलं आणि बाटली युनिफॉर्मच्या खिशात टाकली. “मले लागते हे कोक ओव्हनवर,” म्हणाले. कोक ओव्हनवर पांढऱ्या शाईचं काय काम हे मी विचारलं नाही. हटवार काकांनी शेवटी रायपूरहून कोरी प्रत मागवली. पण बाटलीचं काय झालं हे त्यांनी आईला दोनदा विचारलं, आणि दुसऱ्यांदा विचारताना ते हसत नव्हते.

त्यानंतर घरात भीती राहायला आली. आई वरच्या मजल्यावर निरोप न देता जाणारी, आता जिन्यात मेश्राम काकू भेटल्या तर भाजीचं विचारून पटकन दार लावायची. दुपारचं वाचन ‘मुलीची परीक्षा आहे’ म्हणून बंद झालं. ताईचं वय वाढत होतं, त्या वेळच्या हिशेबानं. याआधी दोन स्थळं हातची गेली होती, आणि प्रकाश तिला मनापासून आवडत होता, ते मला तिच्या केस विंचरण्यावरून कळायचं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ती गच्चीवर वाळलेले कपडे काढताना म्हणाली, “गुड्डी, प्लीज यार. जेवढं पाठ केलं तेवढंच बोल. एक शब्द ज्यादा नाही. तुले माही आन आहे.” कपड्यांवर प्लांटची काळी धूळ बसली होती. ती झटकत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. मी म्हटलं, “मी कधी ज्यादा बोलते?” तेव्हा तिनं मला जवळ घेतलं. तिचं काळीज पाखरासारखं धडधडत होतं, आणि मला वाटलं, की घरात घाबरणारी मी एकटी नाही, फक्त माझं दिसतं.

आता मी याच शहरात, जुनवानीला राहते. त्या कादंबरीच्या अजूनही आवृत्त्या निघतात. परवा आमच्या वाचकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिच्यावरून पुन्हा जुंपली, आणि माझ्या मुलीनं विचारलं, “मम्मी, एका नॉव्हेलसाठी लोक इतके का भांडतात?” मलाच पूर्ण समजलेलं नाही. आवडलेल्या पुस्तकाला कोणी बोट लावलं की आपल्या घराला लावल्यासारखं वाटतं, एवढं मी दोन्ही बाजूंच्या तोंडावर पाहिलेलं आहे.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. होळी नुकतीच झाली होती, लोकांच्या कानामागे रंग राहिलेले होते आणि उकडायला लागलं होतं. छताचे पंखे इतके वाजायचे की बोलणाऱ्याला माइकला चिकटून बोलावं लागे. लेखक मी कल्पना केली होती त्याहून ठेंगणा आणि दमलेला निघाला. आवाज मात्र मध घातल्यासारखा. त्यानं शिवनाथेवर जाऊन आल्याचं सांगितलं, नदीचं पाणी कपाळाला लावल्याचं सांगितलं, आणि हॉल टाळ्यांनी दणाणला. मी स्टेजवर कडेच्या खुर्चीत होते, आईची मोतिया साडी नेसून, नऊ ठिकाणी पिना टोचलेली. आभाराचं भाषण हटवार काकांनी स्वतः रचलेलं होतं. ‘आदरणीय’, ‘ऋणनिर्देश’, ‘शब्दसुमनांजली’. मी ते तोंडात घोळवत होते आणि मधलं एक वाक्य सारखं निसटत होतं. खाली तिसऱ्या रांगेत ताई हटवार काकूंच्या शेजारी बसली होती. काकूंनी तिचा हात आपल्या मांडीवर घेतला होता.

प्रश्नोत्तरं झाली. प्रश्न ठरलेले होते. लेखनाची प्रेरणा काय, पुढची कादंबरी कोणती. मग काका माइकवर म्हणाले, “वेळेअभावी आपण आता...” आणि मागच्या रांगेतून मेश्राम काकू उभ्या राहिल्या. पांढरी साडी, खांद्याला पर्स. माइक नव्हता, तो फक्त स्टेजवर होता. त्या पंख्यांच्या वर आवाज चढवून म्हणाल्या, “साहेब, मी दोनदा वाचली तुमची कादंबरी. मले फार आवडली. म्हनूनच एक विचारायचं आहे. पुराच्या रात्री जो मानूस...”

हटवार काका टाळ्या वाजवायला लागले. माइकपाशीच वाजवल्यामुळे त्या फार मोठ्या ऐकू आल्या. पहिल्या रांगेनंही वाजवल्या. मागच्यांना वाटलं काही संपलं, त्यांनीही वाजवल्या. बघता बघता सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. काकूंचे ओठ हलत होते पण एक शब्द पोचत नव्हता. लेखकाला वाटलं आपली स्तुती झाली. त्यानं हसून त्यांना नमस्कार केला. टाळ्या थांबेपर्यंत काकू थांबल्या, पुन्हा तोंड उघडलं, आणि टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. या वेळी जास्त जोरात, कारण आता लोकांना कळलं होतं कशासाठी वाजवायच्या. मी कितीतरी तऱ्हेची भीती अनुभवली आहे, पण हसऱ्या तोंडांनी वाजवलेल्या त्या टाळ्यांसारखी दुसरी नाही. आई वाजवत होती. मान खाली घालून, हात हळू हळू एकमेकांवर ठेवत. बाबा दाराशी उभे होते, त्यांचे हात खिशात होते. मेश्राम काकू बसल्या नाहीत. त्या तशाच उभ्या राहिल्या, पर्सचा पट्टा धरून, जशी रेल्वेच्या खिडकीवर माणसं नंबर येईपर्यंत उभी राहतात.

“आणि आता आभार मानतील आपल्या तरुण वाचक,” काका म्हणाले. माझं नाव घेतलं. माइक सोडून बाजूला होताना ते हळूच म्हणाले, “लवकर आटप बेटा.”

खुर्चीपासून माइकपर्यंत जाताना साडीची एक पीन सुटून कमरेला टोचली. ती नीट करायला हातच वर येईना. माइक माझ्यापेक्षा उंच होता. तोंड जवळ नेलं तर माझाच श्वास सगळ्या हॉलमध्ये पसरला, आणि लोक हसले, प्रेमानं हसले. मला कूलरच्या मागं जायचं होतं. ताईकडे पाहिलं असतं तर मी पाठ केलेलं म्हणून मोकळी झाले असते, म्हणून मी तिच्याकडे पाहिलं नाही. ‘आदरणीय’ हा शब्द तोंडाशी आला आणि तिथंच थांबला. मागं मेश्राम काकू अजून उभ्या होत्या. शेजारची एक बाई त्यांचा पदर ओढून त्यांना बसवत होती. पंखे वाजत होते. काका माझ्या बाजूला एक पाऊल सरकले, त्यांच्या बुटाचा आवाज मला ऐकू आला. पाठ केलेली मराठी कुठं गेली कोण जाणे. जी आली ती घरची होती.

“काकूचं बोलनं झालं नाही अजून,” मी म्हटलं. “त्यायले बोलू द्या. त्यायचं झालं का मंग मी आभार मानते.”